दोन वाला

गावाचं नाव वाला वाला.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं
सांगणारा अर्धाच बोलला.
दूधवाला, भंगारवाला, कल्हईवाला,
कसला वाला ते राहूनच गेलं.

वॉशिंग्टन राज्याचा पार कोपरा.
भोवती गव्हाच्या टेकड्या, कापणी झालेल्या,
नुकत्याच भादरलेल्या डोक्यांसारख्या.
आणि मेन स्ट्रीटवर वाईन.
जुन्या बँकेच्या तिजोरीत वाईन,
चपलांच्या दुकानाची पाटी तशीच ठेवून आत वाईन,
पाच घोटांचे तीस डॉलर,
घोट म्हणजे तीर्थाएवढा.

ठिबकच्या कंपनीनं धाडलेले आम्ही नऊ जण.
आठ जण ग्लासात नाक घालून उभे.
एकाला चामड्याचा वास आला,
गायधनी सरांना ओल्या दगडाचा.
मला फवारणीच्या पंपाचा आला,
मी गप्प बसले.

मी पिंपळगाव बसवंतची.
सोळा हंगाम घडांची विरळणी केली,
कात्रीनं, मान वर करून.
द्राक्ष दिसलं की अजून अंगठा ठणकतो.
मला बिअर हवी होती.
गार, कडू,
आणि जिच्याविषयी कुणी भाषण देणार नाही अशी.

वाईन ओतणाऱ्या पोरीला हळूच विचारलं.
तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं,
आणि सोवळ्याच्या घरात
अंडी कुठं मिळतात ते सांगावं
तसा पत्ता सांगितला.

पहिल्या ठिकाणी अठरा नळ.
अकरातून सफरचंदाचं काहीतरी येत होतं,
उरलेल्या सातांवर उलटे पेले घातलेले.
दुसरीकडे होती बिअर,
पण आमरसासारखी दाट, वर अननसाचा वास.
उपवासाला चालली असती.
अर्धी ठेवून उठले.
पैसे पूर्ण दिले, त्याचं अजून वाईट वाटतं.

तिसरं टायरच्या दुकानामागं.
पाटी नाही. पिवळा दिवा,
चिखलानं माखलेले सहा ट्रक,
आणि दारात झोपलेलं कुत्रं, जे उठलं नाही.
आत ओस्बर्गबाई, सत्तरीच्या,
हातात केबल ओढणाऱ्या माणसाची ताकद.
गहू त्या टेकडीचा, म्हणाल्या, हॉप्स याकिमाचे,
आणि पेला काठोकाठ भरून समोर आपटला.
कसला वास येतोय, विचारलं नाही.

कडू. घशाखाली उतरताना कडू,
नंतर भाकरीच्या पापुद्र्यासारखं काहीतरी.
बरं वाटलं.

मग बाकावरचे हात दिसले.
कोपरापर्यंत जांभळे.
दहाबारा माणसं, सगळ्यांचे तसेच,
मेन स्ट्रीटवरच्या त्याच तळघरांतली.
दिवसभर द्राक्षं तुडवून, पिंपं धुऊन
संध्याकाळी इथं.
वाईन नाही पीत? मी विचारलं.
पाहुण्यांसाठी असते ती,
एउसेबियो म्हणाला, मिचोआकानचा,
आणि मिशीवरचा फेस पुसला
तर मिशीही थोडी जांभळी झाली.

जात नाही हा रंग, तो म्हणाला, डिसेंबरपर्यंत.
मी म्हटलं, चिंच लावून बघ.
आई तांब्याची कळशी घासते तशी.
चिंच कशी सांगायची?
मी हवेत वाकडी शेंग काढली,
तोंड आंबट केलं.
तामारिंदो! तो ओरडला,
दारातलं कुत्रं तेवढ्यापुरतं उठलं.
त्याच्या बायकोच्या फडताळात किलोभर होती,
पाण्यात कालवून प्यायची, एवढंच माहीत.

तुम्ही कोण? त्यानं विचारलं.
द्राक्षवाली, म्हटलं, हिरव्या द्राक्षांची,
डाग पडत नाहीत, एवढाच पडतो.
टेबलावर अंगठा ठेवला.
त्यानं त्याचा ठेवला शेजारी.
बेचक्यातला घट्टा, त्याच जागी,
त्याचा जांभळा, माझा सोळा वर्षं जुना.

ओस्बर्गबाई फडकं घेऊन आल्या.
उचला, म्हणाल्या.
आम्ही दोघांनी उचलले.
त्यांनी टेबल पुसलं.